बनावट खरेदीखताने जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली, तर न्यायालयात दाद कशी मागावी

सातबाऱ्यावर अनोळखी नाव दिसले, किंवा आपल्या गटाच्या खरेदीची नोंद धरली असल्याची नोटीस हातात पडली, की बहुतेक लोक आधी तलाठ्याकडे धाव घेतात, तिथून पोलीस ठाण्यात जातात आणि वकिलाकडे सर्वांत शेवटी पोहोचतात. या तिन्ही ठिकाणी जावे लागतेच. पण कोणाकडे काय मागायचे हे ठाऊक नसल्यामुळे वर्ष-दीड वर्ष अर्ज-विनंत्यांत निघून जाते आणि तेवढ्या काळात जमीन आणखी एका खरेदीदाराच्या हाती गेलेली असते. हा लेख महाराष्ट्रातील जमिनींपुरता आहे आणि कोर्टाची पायरी पूर्वी कधीच न चढलेल्या वाचकासाठी आहे.

मालकी कोण ठरवतो

जमिनीचा मालक कोण, हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे. सातबारा आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत. त्यांच्या आधारे सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरते, परंतु त्यामुळे मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा, अलीकडे २०२१ मध्ये जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात, स्पष्ट केले आहे. असे असले तरी महसुली नोंदीकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदीतील प्रमाणित नोंद, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नाव कमी झाले म्हणून मालकी गेली नाही, पण आपले म्हणणे सिद्ध करण्याचा भार मात्र वाढला.

दुय्यम निबंधकाबद्दलही असाच गैरसमज असतो. 'दस्त खोटा आहे, रद्द करा' असा अर्ज त्यांच्याकडे देऊन लोक उत्तराची वाट पाहत बसतात. एकदा नोंदवलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार नोंदणी अधिनियम, १९०८ ने त्या कार्यालयाला दिलेला नाही. सत्यपाल आनंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०१६) या निकालानंतर त्याबद्दल फारशी शंका उरत नाही. पोलिसांचे काम गुन्हा करणाऱ्याला शिक्षेपर्यंत नेण्याचे आहे, जमीन परत मिळवून देण्याचे नाही. आरोपीला अटक झाली म्हणून खरेदीखत आपोआप रद्द होत नाही.

आधी नेमके काय खोटे आहे ते ओळखा

'कागद बनावट आहे' या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीसाठी न्यायालयात मागायची दाद वेगळी असते. मूळ मालकाच्या जागी दुसराच माणूस उभा करून सही-अंगठा घेतला असेल, तर तो तोतयेगिरीचा दस्त आहे. अशा दस्ताने खरेदीदाराला काहीच मिळत नाही, मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली असो वा नसो. मालकाच्या नावाचे खोटे कुलमुखत्यारपत्र तयार करून त्याआधारे खरेदीखत केले असेल, तर खोटेपणा एक पायरी मागे आहे आणि दावा दोन्ही कागदांविरुद्ध लावावा लागतो. कुलमुखत्यारपत्र खरे होते, पण खरेदीखताच्या दिवशी मालक हयात नव्हता, असेही पुष्कळदा निघते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो.

सही खरी, पण ती फसवून घेतलेली, हा प्रकार यांहून निराळा आहे. 'कर्जाच्या जामिनाचा कागद आहे' असे सांगून निरक्षर माणसाचा अंगठा खरेदीखतावर घेतला असेल, तर फसवणूक दस्ताच्या स्वरूपाविषयीच झाली आणि दस्त मुळातच निरर्थक ठरतो. खरेदीखत आहे हे ठाऊक होते, पण किंमत किंवा क्षेत्र याबद्दल खोटे सांगितले गेले, तर दस्त रद्द करवून घेईपर्यंत अस्तित्वात राहतो. निंगव्वा विरुद्ध ब्यारप्पा या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक आखून दिला आहे.

आणखी एक प्रकार लोकांना पचत नाही. चुलत्याने किंवा भावाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, 'ही जमीन माझ्या एकट्याची आहे' असे सांगून तुमचा हिस्साही विकला असेल, तर कायद्याच्या भाषेत तो 'खोटा दस्तऐवज' नसतो, कारण सही करणारा तोतया नव्हता. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य (२००९) या निकालात हे स्पष्ट झाले आहे. अशा वेळी बनावटीकरणाची फिर्याद टिकण्याची शक्यता कमी असते आणि दिवाणी दाव्यात हिस्सा, वाटप व विक्री बंधनकारक नसल्याची घोषणा हाच खरा मार्ग उरतो.

समोरच्याशी बोलण्याआधी कागद हातात घ्या

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि तीच घाईत वगळली जाते. आपल्याला संशय आला आहे हे समोरच्याला कळण्यापूर्वी वादग्रस्त दस्ताची प्रमाणित नक्कल, म्हणजे सहीशिक्क्याची प्रत, दुय्यम निबंधक कार्यालयातून घ्यावी. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या नोंदवलेल्या दस्ताची नक्कल कोणालाही फी भरून मिळते. दस्त क्रमांक माहीत नसेल, तर नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेतून किंवा कार्यालयातील सूची क्रमांक २ मधून, ज्याला सर्वजण इंडेक्स टू म्हणतात, गाव व गट क्रमांकावरून तो शोधता येतो. नक्कल घेताना मुख्य पानांवर समाधान मानू नये. जोडलेली ओळखपत्रे, कुलमुखत्यारपत्र, ओळख देणाऱ्यांची नावे, फोटो व अंगठ्यांचे ठसे असलेले पान आणि मुद्रांक शुल्काचे चलन यांसह संपूर्ण संच मागावा. २००१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३२-अ मुळे जमीन हस्तांतराच्या दस्तावर दोन्ही पक्षांचे फोटो व बोटांचे ठसे लावणे आवश्यक झाले आहे आणि तोतयेगिरीच्या प्रकरणात याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून फेरफाराची संपूर्ण संचिका मागावी: नोटीस कोणाला काढली, ती कोणी स्वीकारली, तुमच्या नावापुढे कोणाची सही आहे. नोटिशीवरची खोटी सही हा स्वतंत्र पुरावा ठरतो. शक्य तितके मागे जाऊन जुने सातबारे, जुने फेरफार, वारसनोंदी, खातेउतारा आणि तुमचे वा पूर्वजांचे मूळ खरेदीखत जमा करावे. अनेक जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. तिथे नसतील तर लेखी अर्ज करून पोच घ्यावी. निबंधक कार्यालयाला त्याच वेळी एक पत्र देऊन दस्त नोंदणीच्या दिवसाचे कॅमेऱ्याचे चित्रण, अंगठ्यांचे रजिस्टर आणि संगणकातील छायाचित्रे जपून ठेवण्याची विनंती करावी, कारण कॅमेऱ्याचे चित्रण फार काळ टिकत नाही.

कागद स्वतःच खोटे बोलतो तिथे बोट ठेवा

बनावट कागद करणारा सही गिरवण्यात मन लावतो. काळाचा हिशेब मात्र त्याच्या हातून हमखास चुकतो. जुन्या तारखेचे मृत्युपत्र, साठेखत, वाटणीपत्र किंवा नोंदणी न झालेली खरेदी पुढे आली, की त्यातील प्रत्येक उल्लेख त्या तारखेला शक्य होता का, हे तपासावे. कागदावर १९७८ ची तारीख आणि मजकुरात 'जिल्हा जालना' किंवा 'जिल्हा सिंधुदुर्ग' असेल, तर तिथेच थांबावे: हे दोन्ही जिल्हे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले. लातूर व गडचिरोली १९८२ चे, नंदुरबार व वाशीम १९९८ चे, हिंगोली व गोंदिया १९९९ चे आणि पालघर २०१४ चा. पिन कोड १९७२ पूर्वीच्या कागदावर असू शकत नाही. आधार क्रमांकाचे वाटप सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावापासून सुरू झाले. त्यामुळे २००७ च्या साठेखतात लिहून देणाराचा आधार क्रमांक असेल, तर ते साठेखत २००७ चे नाही, एवढे उघड आहे.

गट क्रमांकाची तपासणी शेतजमिनीच्या दाव्यात विशेष उपयोगी पडते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण योजना राबवल्यावर जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले आणि ही तारीख प्रत्येक गावासाठी निराळी आहे. तुमच्या गावात योजना कधी अमलात आली हे भूमी अभिलेख कार्यालयातून लेखी घ्यावे. त्याआधीच्या तारखेच्या कागदात गट क्रमांक आढळला, तर तो कागद नंतर लिहिलेला आहे असे म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. मुद्रांकाच्या मागील बाजूस विक्रेत्याचे नाव, अनुक्रमांक आणि दिनांक असतो. विक्रेत्याच्या नोंदवहीशी व कोषागाराच्या नोंदीशी तो जुळतो का, हे न्यायालयामार्फत तपासता येते. मालक त्या दिवशी रुग्णालयात दाखल होता, परदेशी होता किंवा मयत होता, तर त्याचे मृत्यू प्रमाणपत्र, रुग्णालयाची नोंद किंवा पासपोर्टवरचे शिक्के हेही याच रांगेतले पुरावे आहेत. साक्षीदारांकडेही बघावे, कधी कधी त्यांपैकी एखादा त्या तारखेपूर्वीच वारलेला निघतो.

तातडीने करायच्या दोन गोष्टी

फेरफार अजून मंजूर झालेला नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. महसूल अधिनियमाच्या कलम १५० नुसार अशी नोंद तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय मंजूर करता येत नाही. नोंद मंजूर होऊन गेली असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील करावे. त्याची मुदत ६० दिवसांची आहे. उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा अर्ज सोबत द्यावा. इथे एक सावधगिरी हवी: हे अपील दिवाणी दाव्याची जागा घेऊ शकत नाही आणि ते प्रलंबित आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही.

तोतयेगिरी किंवा खोटी सही झाली असल्यास पोलिसांत फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते, तिच्यातील कलम ३१९, ३३६, ३३८ व ३४० ही इथे महत्त्वाची आहेत. त्याआधीच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेची ४१९, ४२०, ४६७, ४६८ व ४७१ ही कलमे लागतात. निबंधकासमोर तोतया उभा करणे हा नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खालीही ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ठाणे अंमलदाराने 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून परत पाठवले, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवून नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. फौजदारी व दिवाणी दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, दिवाणी दाव्यात संभाव्यतेचे पारडे तुमच्या बाजूने झुकले तरी पुरते. त्यामुळे आरोपी सुटला तरी दावा हरलात असे होत नाही.

दाव्यात नेमके काय मागायचे

दावा जमीन जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात दाखल होतो. जमिनीच्या मूल्यांकनानुसार तो दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराकडे जाईल की वरिष्ठ स्तराकडे हे ठरते. मागणी मात्र काळजीपूर्वक बांधावी लागते. खरेदीखतावर लिहून देणार म्हणून तुमचीच सही असेल आणि ती फसवून घेतलेली असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ खाली दस्त रद्द करण्याची मागणी करावी. तुम्ही त्या दस्ताचे पक्षकार नसाल, तर तो निरर्थक आहे आणि तुमच्यावर बंधनकारक नाही अशी कलम ३४ खालची घोषणा मागावी. सुहृद सिंग विरुद्ध रणधीर सिंग (२०१०) या निकालात हा भेद सांगितला आहे आणि त्यावर कोर्ट फीची आकारणीही अवलंबून असते. कोर्ट फी व वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ताबा तुमच्याकडे आहे की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. ताबा असल्यास घोषणेसोबत निरंतर मनाई हुकूम मागावा. ताबा गेला असल्यास तो परत मिळण्याची मागणी त्याच दाव्यात केलीच पाहिजे, कारण कलम ३४ च्या परंतुकानुसार, म्हणजे त्यातील अटीनुसार, जी पुढची दाद मागता येत होती ती न मागता नुसती घोषणा मागणाऱ्याला न्यायालय घोषणाही देत नाही. एवढ्या एका उणिवेमुळे चांगले दावे वर्षानुवर्षे चालून अखेरीस फेटाळले जातात. बळजबरीने ताबा काढून घेऊन ६ महिने झालेले नसतील, तर याच अधिनियमाच्या कलम ६ खालचा जलद दावाही उपलब्ध आहे. त्यात मालकीचा निवाडा होत नाही.

मुदतीचा हिशेब दाव्याच्या पहिल्याच बैठकीत वकिलासोबत लिहून काढावा. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला, त्यासाठीच्या वस्तुस्थितीची माहिती प्रथम झाल्यापासून ३ वर्षे, घोषणेच्या दाव्याला दाव्याचा हक्क प्रथम उत्पन्न झाल्यापासून ३ वर्षे आणि मालकी हक्काने ताबा मागण्याच्या दाव्याला १२ वर्षे मिळतात. फसवणुकीमुळे माहिती दडवली गेली असेल, तर मुदत अधिनियमाच्या कलम १७ मुळे ती उघड झाल्यापासून मुदत मोजतात. मुळातच निरर्थक असलेल्या दस्ताला ३ वर्षांची मर्यादा लागत नाही असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर थांबण्यात शहाणपण नाही. दस्ताची माहिती कोणत्या तारखेला, कशी झाली, हे दाव्यात तारखेनिशी लिहावे आणि नकलेच्या अर्जाची पोच त्याला जोडावी.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ नुसार फसवणुकीचा तपशील दाव्यातच द्यावा लागतो. 'प्रतिवादीने संगनमताने बनावट दस्त केला' हे वाक्य पुरेसे नाही. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कार्यालयात, कोणाच्या ओळखीने, कोणत्या पानावर काय खोटे केले, ते सांगावे लागते. मिळकतीचे वर्णन गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमेसह द्यावे. प्रतिवादी म्हणून लिहून घेणारा, तोतया वा मुखत्यार, नंतरचे सर्व खरेदीदार आणि जमिनीवर बोजा चढवला असल्यास ती बँक यांना सामील करावे. सहहिस्सेदार दाव्यात वादी म्हणून येत नसतील, तर त्यांनाही प्रतिवादी करावे लागते; आवश्यक पक्षकार राहून गेला, तर दावा त्याच मुद्द्यावर अडतो.

दावा चालू असताना जमीन जागेवर ठेवणे

दाव्यासोबतच तूर्तातूर्त, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, मनाईचा अर्ज दिला जातो. न्यायालयात त्याला सर्वजण 'निशाणी पाच' म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खालच्या या अर्जात सकृतदर्शनी बाजू, गैरसोयीचा समतोल आणि भरून न निघणारे नुकसान या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ताब्याचा पुरावा इथे निर्णायक ठरतो: पीकपाहणीच्या नोंदी, सारा भरल्याच्या पावत्या, वीजबिल, पीककर्ज, ऊस किंवा धान्य विक्रीच्या पावत्या. प्रत्यक्ष जागेची स्थिती वादात असेल, तर आदेश २६ नियम ९ खाली न्यायालयीन आयुक्त नेमण्याची विनंती करावी.

मनाई मिळो वा न मिळो, दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. दावा प्रलंबित असताना झालेले हस्तांतर निकालाच्या अधीन राहते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५२ सांगते. परंतु १९३९ च्या मुंबई दुरुस्तीनुसार या संरक्षणासाठी दाव्याची नोटीस नोंदवावी लागते. या नोंदणीला फारसा खर्च येत नाही आणि ती केल्यावर नवा खरेदीदार 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू शकत नाही.

पुराव्याचा टप्पा

प्रतिवादीला कैफियत, म्हणजे दाव्याचे लेखी उत्तर, देण्यासाठी ३० दिवस, आणि न्यायालयाने वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत, मिळतात. मग न्यायालय वादाचे मुद्दे निश्चित करते आणि वादीचा पुरावा सुरू होतो. नोंदणीकृत दस्त खरा असल्याचे गृहीत धरले जाते आणि तो खोटा ठरवण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर असतो, ही गोष्ट प्रेम सिंग विरुद्ध बीरबल (२००६) या निकालापासून वारंवार सांगितली गेली आहे. त्यामुळे 'सही माझी नाही' एवढे शपथपत्र देऊन थांबू नये.

सही व अंगठा तज्ज्ञाकडे पाठवण्याचा अर्ज लवकर करावा, उलटतपासण्या संपल्यावर नव्हे. तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली ग्राह्य आहे आणि कलम ७२ नुसार न्यायालय स्वतःही तुलना करू शकते. तुलनेसाठी मूळ दस्त लागतो, छायाप्रतीवर तज्ज्ञ ठाम मत देत नाही. मूळ कागद प्रतिवादीकडे असेल, तर तो हजर करण्याचा हुकूम मागावा. नमुना सह्या वादापूर्वीच्या आणि शक्यतो त्याच काळातील निवडाव्यात: बँकेतील खाते उघडण्याचा अर्ज, नोकरीचे सेवापुस्तक, जुना नोंदणीकृत दस्त. वाद सुरू झाल्यानंतर वकीलपत्रावर केलेली सही मुद्दाम बदलून केली असा आक्षेप येतो. अक्षरापेक्षा अंगठ्याचा ठसा कितीतरी निर्णायक असतो, म्हणून ठसा उपलब्ध असताना केवळ सहीच्या तुलनेवर विसंबणे अनाठायी आहे. दुय्यम निबंधक, मुद्रांक विक्रेता, ओळख देणारे व साक्षीदार यांना समन्स काढून बोलवावे. साक्षीदाराला दस्त कुठे लिहिला, पैसे कसे दिले, त्या दिवशी कोण कोण हजर होते, असे साधे प्रश्न वेगवेगळे विचारले, की पढवून आणलेल्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. पैशाचा माग तर काढावाच: लाखोंची किंमत रोख दिली म्हणणाऱ्याने ती रक्कम कुठून आणली, हे त्याच्या बँक उताऱ्यांवरून व प्राप्तिकर विवरणपत्रांवरून उघड होते.

वादी किंवा प्रतिवादी दाव्यादरम्यान मरण पावला, तर ९० दिवसांत वारस अभिलेखावर आणावे लागतात. नाही तर दावा त्याच्यापुरता संपुष्टात येतो. दाव्याच्या तारखा ई-कोर्ट्स सेवेवर सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक, टाकून स्वतः पाहत जाव्यात.

हुकूमनामा मिळाल्यावर

दस्त रद्द झाल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३१(२) नुसार न्यायालय हुकूमनाम्याची, म्हणजे निकालाच्या अंतिम आदेशाची, प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवते आणि तो आपल्या नोंदवहीतील दस्ताच्या प्रतीवर रद्द झाल्याची नोंद घेतो. ही नोंद प्रत्यक्षात झाली का, हे स्वतः नवी नक्कल काढून पाहावे. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, नवा फेरफार धरण्यासाठी अर्ज करावा, बँकेचा बोजा असल्यास तो कमी करण्याची मागणीही त्याच अर्जात करावी. ताब्याचा हुकूम असून समोरचा जमीन सोडत नसेल, तर त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून बेलिफामार्फत ताबा घेता येतो. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे. निकाल विरुद्ध गेला, तर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत पहिले अपील करावे लागते, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा. नक्कल तयार होण्यास लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो.